राहून गेलेले सिनेमे तापात का बघवत नाहीत?

ताप आला, रजा टाकली, औषध घेऊन अंथरुणात पडलो की बघायच्या राहिलेल्या सिनेमांची यादी हमखास आठवते. एरवी कधी फुरसत मिळत नाही, आज आहे. पण होतं काय, की वीस मिनिटांत डुलकी लागते. जाग येते तेव्हा कोण कोणाचा कोण हेच कळत नाही. सबटायटल वाचताना डोळे दुखतात. शेवटी हात जातो तो संवाद तोंडपाठ असलेल्या एखाद्या जुन्या सिनेमाकडे. अनेकांना याबद्दल उगाच अपराधी वाटतं. वाटायचं काही कारण नाही, कारण आजारी शरीर मेंदूकडून हे करवून घेत असतं.

विषाणू किंवा जिवाणू आत शिरला की मॅक्रोफेजसारख्या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ असे रेणू सोडतात. यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात. त्यांचा निरोप मेंदूला रक्तातून पोचतो, तसाच पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस या लांबलचक नसेतूनही पोचतो. प्रयोगशाळेत उंदरांची ही नस कापून त्यांच्या पोटात जिवाणूंच्या आवरणाचा अंश टोचला, तेव्हा एरवी येणारी मलूलता बरीच कमी दिसली. निरोप मिळाल्यावर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या तापमान सांभाळणाऱ्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून ताप उतरतो.

ताप चढवणारा हा निरोपच भूक मारतो, झोप आणतो, माणसं नकोशी करतो आणि कशातच लक्ष लागू देत नाही. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं, की आजारी जनावराचं कोपऱ्यात निपचित पडून राहणं हा आजाराशी लढण्याच्या तयारीचाच भाग आहे. हे पटतं, कारण ताप महागडा असतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतो. तरीही निसर्गाने तो टिकवला. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. सरड्याला स्वतःचं शरीर आतून तापवता येत नाही, त्यामुळे बाहेरची ऊब हाच त्याचा ताप. उबेत ठेवलेले सरडे जास्त जगले, थंड जागी ठेवलेले जास्त मेले. म्हणजे तापात वाचवलेली प्रत्येक कॅलरी कामाची असते, आणि चालण्याफिरण्याबरोबरच डोकं चालवण्यावरही मेंदू काटकसर लादतो.

आता सिनेमा बघताना डोक्याला किती काम असतं ते पाहू. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात, पण खरं कष्टाचं काम कथेचं आहे. कोण कुठे होतं, कोणाला काय माहीत आहे, हा प्रसंग आधीचा की नंतरचा, हे सगळं प्रेक्षकाला सतत डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यासाठी लागते ती स्मरणशक्ती, आणि सायटोकाइन नेमके तिच्यावरच हात ठेवतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात २० निरोगी पुरुषांना जिवाणूंच्या विषाचा अगदी अल्प डोस दिला गेला. त्यांना विशेष आजारी वाटलं नाही, तरी त्यांची चिंता वाढली, मन उदास झालं आणि स्मरणाच्या चाचण्यांतली कामगिरी घसरली. एवढ्याशा डोसने असं होत असेल, तर १०२ ताप असताना तीन काळांत फिरणारी कथा निसटली यात नवल काय? ओळखीच्या सिनेमात पुढचं सगळं माहीत असतं. मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही.

मला तर वाटतं, जुन्या सिनेमाकडे वळण्यात आणखी एक गोष्ट असावी. आजारपणात परकी माणसं नको वाटतात, पण आपली माणसं जास्तच हवी असतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी असंच विष टोचलेल्या लोकांना त्यांच्या जवळच्या माणसांचे फोटो दाखवले, तेव्हा मेंदूतलं सुखाशी जोडलेलं एक केंद्र नेहमीपेक्षा जास्त उजळलं. लहानपणापासून पडद्यावर पाहिलेले चेहरे मेंदू थोडेफार आपल्याच माणसांत धरत असेल, हा माझा अंदाज आहे. त्यावर कोणी प्रयोग केल्याचा दावा मी करत नाही.

विनोदी सिनेमाच्या बाजूने मात्र पुरावा चांगला आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी-नंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली. खळखळून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली होती, माहितीपट पाहिलेल्यांची नाही. फिनलंडमधल्या टुर्कूच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत वेदनाशामक एंडॉर्फिनसारखी द्रव्यं सुटतात. यात ‘मित्रांसोबत’ हे महत्त्वाचं, कारण एकटा माणूस फार कमी हसतो. संसर्गामुळे वेगळ्या खोलीत झोपावं लागलं असेल, तर फोनवर बहिणीला सोबत घेऊन तोच सिनेमा एकाच वेळी लावावा. पोटावर ताजे टाके असतील किंवा खोकल्याची उबळ येत असेल, तर मात्र विनोद काही दिवस लांबच ठेवा.

सिनेमाने झोप खाल्ली, तर मात्र सगळं फसतं. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ निरोगी लोकांची आठवडाभराची झोप नोंदवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. रात्रीच्या पडद्याचा निळसर उजेड झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लांबवतो, आणि एक सिनेमा संपला की आपोआप दुसरा सुरू होतो. शिवाय पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते आणि तापाने आधीच जळजळणारे डोळे आणखी कोरडे पडतात. म्हणून सिनेमा दुपारी, तुकड्यातुकड्यांनी, आणि दर वेळी थांबवला की दोन-चार घोट पाणी. संध्याकाळनंतर फक्त आवाज ऐकावा, पडदा नको.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होऊ शकतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. अंग थंड झालं, रुग्ण शांतपणे सिनेमा बघतोय, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती यातलं काहीही दिसलं तर पडदा बंद करून थेट दवाखाना गाठावा.

राहून गेलेल्या सिनेमांची यादी काढायची ती खऱ्याखुऱ्या बरं होण्याच्या दिवसांत. भूक परतलेली असते, डोकं हलकं असतं, पण जिना चढताना अजून धाप लागते. कांजिण्या झालेल्या मुलांना तर हे दिवस फार जड जातात, कारण सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवता येत नाही आणि मूल तोवर घरात उड्या मारू लागलेलं असतं. त्याच्यासोबत बसून रोज दुपारी एक नवा सिनेमा सहज होतो.