वेरूळला आपण नक्की कशासाठी जातो?

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात हे निघताना कोणी बघत नाही, गेटवर आल्यावर कळतं, पण खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना त्याचं फार वाईटही वाटत नाही, कारण घृष्णेश्वराचं दर्शन झालेलं असतं आणि लेणी म्हणजे "आलोच आहोत तर बघून घेऊ" कॅटेगरी. ज्योतिर्लिंग आणि 1983 पासून युनेस्कोच्या यादीत असलेली लेणी यांच्यात अंतर जेमतेम किलोमीटरभर, त्यामुळे एकाच बसमध्ये भाविक, सेल्फीवाले आणि बायकोने ओढून आणलेले नवरे, सगळे असतात.

पर्यटनावर रिसर्च करणारे पुश आणि पुल असं म्हणतात. घराबाहेर ढकलतो तो पुश, म्हणजे रोजच्या रगाड्याचा वैताग वगैरे, आणि ओढून नेतो तो पुल, म्हणजे कैलास लेणं. जॉन क्रॉम्प्टन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या 39 जणांच्या मुलाखतींवरून सुट्टीची नऊ कारणं काढली, त्यातली सात स्वतःच्या मनाशी नाहीतर नात्यागोत्याशी जोडलेली, ठिकाणाशी थोडाफार संबंध असलेली दोनच, नावीन्य आणि शिकणं. गंमत म्हणजे त्या नऊमध्ये देवदर्शन नाहीच! आपल्याकडे ते वगळलं तर अर्धी बस रिकामी.

यानिव पोरिया आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेला मुद्दा मला जास्त पटतो, की जागा जुनी म्हणून जाणारा आणि जागा आपली म्हणून जाणारा, दोघं वेगळं वागतात. रायगडावर बघा ना, रोपवेने आलेली फॅमिली होळीच्या माळावर फोटो काढत असते आणि तेव्हाच कोणीतरी पायऱ्या चढून येऊन, समाधीपुढे चपला काढून माती कपाळाला लावत असतो.

हे कळलं की सोयी कुठे, कोणासाठी करायच्या ते ठरवता येतं. दर्शनाला आलेल्या ग्रुपला गाइडचं दीड तासाचं लेक्चर नको असतं, त्यांना सावली, पाणी, स्वच्छ टॉयलेट आणि रावण कैलास हलवतोय ते शिल्प कुठेय एवढं सांगणारा माणूस पुरतो. पण सर्व्हेत "कशासाठी आलात" विचारलं की हीच मंडळी "इतिहास व कला"वर टिक करू शकतात, चारचौघात बरं दिसतं ना! म्हणून नुसते फॉर्म भरून घेण्यापेक्षा कैलास बघून कोण परत फिरलं आणि पार पुढच्या जैन लेण्यांपर्यंत, 32 नंबरच्या छतावरचं कमळ बघायला कोण गेलं, हे मोजलेलं बरं.