विकत घेणाऱ्याकडे अर्धा, क्रॅकवाल्याकडे पूर्ण: सशुल्क डीएलसी आणि पायरसीची पार्श्वभूमी

सशुल्क डीएलसीमुळे, म्हणजे गेमसाठी वेगळे पैसे देऊन डाउनलोड करायच्या पुरवण्यांमुळे, गेमची पायरसी वाढते का, हा वाद गेम खेळणाऱ्यांत वरचेवर उफाळून येतो. एखादी कंपनी गेम बाजारात आणते त्याच दिवशी त्याची पुरवणीही वेगळ्या किमतीला विकायला काढते, लोक भडकतात, आणि 'असं असेल तर आम्ही क्रॅकच (कुलूप फोडलेली फुकट प्रत) उतरवणार' असं कोणीतरी ठणकावून सांगतं. गंमत म्हणजे डीएलसी हा प्रकार एकेकाळी पायरसीवरचाच उतारा म्हणून पुढे केला गेला होता. हे विसरलं की वादातल्या दोन्ही बाजू एकमेकींना मूर्ख समजू लागतात.

मूळ गेमला पैसे घेऊन जोड देण्याची पद्धत जुनीच. १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट'ला 'ब्रूड वॉर' आला, २००० मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स २'ला 'द कॉन्करर्स'. हे विस्तार वेगळ्या खोक्यात, वेगळ्या सीडीवर मिळत. त्यात नव्या मोहिमा, नव्या संस्कृती, नवी युनिट्स असायची, आणि ते येईपर्यंत मूळ गेम खेळून खेळून जुना झालेला असायचा. त्यामुळे आपल्याला लुबाडलं असं फारसं कोणाला वाटलं नाही. आपल्याकडचा मामला अर्थात निराळा. सायबर कॅफेतल्या मशीनवर मूळ गेम आणि विस्तार एकत्रच टाकलेले असत, लॅमिंग्टन रोडवरच्या कॉपी सीडीवरही तेच. 'द कॉन्करर्स' ही वेगळे पैसे देऊन घ्यायची वस्तू आहे, हे इथल्या पिढीतल्या बहुतेकांना कळलं ते फार उशिरा.

कुलूपबंद माल गिऱ्हाइकाच्या हातात देऊन किल्ली नंतर विकायची, ही कल्पनाही डीएलसीच्या आधीची. इड सॉफ्टवेअरने १९९३ मध्ये 'डूम'चा तीनपैकी पहिला भाग फुकट वाटला आणि उरलेल्या दोन भागांचे पैसे घेतले. ते चाललं, कारण उरलेले भाग फुकटच्या फ्लॉपीवर नव्हतेच. १९९६ मध्ये 'क्वेक'च्या वेळी कंपनी एक पाऊल पुढे गेली. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या 'क्वेक'च्या शेअरवेअर, म्हणजे नमुन्याच्या, सीडीवर पूर्ण 'क्वेक' आणि कंपनीचे जुने गेमही कूटबद्ध करून ठेवलेले होते. फोन करायचा, पैसे भरायचे, मिळालेला कोड टाकायचा की गेम उघडला. ते कूट फोडणारा छोटासा प्रोग्राम थोड्याच काळात बाहेर आला आणि ती सीडी म्हणजे जवळजवळ फुकट मिळालेला इडचा संपूर्ण संग्रह झाली. पुढच्या वीस वर्षांत झालेल्या भांडणाचा मासला इथेच दिसतो.

इंटरनेटवरून छोटे तुकडे विकणं खऱ्या अर्थाने रुळलं ते एक्सबॉक्स ३६० मुळे. २००५ च्या नोव्हेंबरात हे कन्सोल आलं तेव्हा त्यासोबत ऑनलाइन दुकान होतं आणि तिथलं चलन होतं 'मायक्रोसॉफ्ट पॉइंट्स'. एका डॉलरला ८० पॉइंट. काही महिन्यांनी, एप्रिल २००६ मध्ये, बेथेस्डा कंपनीने आपल्या 'ऑब्लिव्हियन' या गेमसाठी घोड्याचं चिलखत २०० पॉइंटना, म्हणजे अडीच डॉलरला काढलं. विकत घेतल्यावर काय मिळायचं ते बघण्यासारखं आहे. इम्पीरियल सिटीबाहेरच्या तबेल्यात स्नाक ग्रा-बुरा नावाची ऑर्क बाई असते. तिच्याशी बोललं की ती घोड्याला पोलादी किंवा एल्व्हन, असं एक चिलखत चढवून देते. पहिलं फुकट, पुढच्या प्रत्येकाला गेममधली ५०० सोन्याची नाणी. संपलं. कथा नाही, मोहीम नाही. यावर इतकी टिंगल झाली की 'हॉर्स आर्मर' हे शब्द पुढे शिवीसारखे वापरले जाऊ लागले. तरी लोकांनी ते घेतलं, आणि छोट्या तुकड्यांनाही गिऱ्हाईक आहे हा धडा इतर कंपन्यांनी बरोबर उचलला.

उतारा म्हणून डीएलसीचा वापर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने उघडपणे केला. 'द सिम्स ३' जून २००९ मध्ये यायचा होता, पण त्याआधीच त्याची प्रत टॉरेंटवर फुटली. कंपनीने तेव्हा फारसा आरडाओरडा केला नाही. फुटलेल्या प्रतीत सगळा गेम नाही, दुसरं गाव खऱ्या गिऱ्हाइकाला नोंदणी केल्यावर डाउनलोड करून मिळणार, असं तिने सांगितलं. तेव्हाचे प्रमुख जॉन रिकिटिएलो यांचा युक्तिवाद असा होता, की डिस्क चोरता येते, डीएलसी चोरता येत नाही, आणि चोरून खेळणाराही उद्याचा गिऱ्हाईक आहे. त्याच वर्षी 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'च्या नव्या प्रतीत शेल या साथीदार पात्राचा कोड मोफत आला. जुनी प्रत घेणाऱ्याला त्याच पात्रासाठी १५ डॉलर मोजावे लागत. २०१० मध्ये क्रीडाप्रकारांच्या गेमना 'ऑनलाइन पास' लागला: जुनी प्रत घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायचं तर १० डॉलर मोजायचे. इथे रोख पायरसीपेक्षा सेकंडहँड बाजारावर जास्त होता, हे लपून राहिलं नाही. मित्राकडून जुनी डिस्क घेणारा मुलगा आणि टॉरेंटवाला कंपनीने एकाच रांगेत उभे केले. २०१३ मध्ये कंपनीने हा पास गुंडाळला, पण तोवर 'विकत घेतलेली वस्तू पूर्ण आपली नाही' ही भावना रुजली होती.

ती भावना चिघळली 'डिस्कवरच्या डीएलसी'ने. २००९ मध्ये कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल ५'साठी 'व्हर्सस' हा नवा प्रकार पाच डॉलरला काढला. उतरवायची फाइल जेमतेम दोन एमबीच्या आसपास होती. एवढ्याशा फाइलमध्ये नवा खेळ मावणार कसा? लोकांनी हिशोब केला आणि आपण विकत घेतली ती फक्त किल्ली, हे ओळखलं. मार्च २०१२ मध्ये याच कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या डिस्कमध्ये डेटा उकरणाऱ्यांना १२ तयार लढवय्ये सापडले. ते पुढे वेगळे विकले जाणार होते. सगळ्यांकडे एकच डेटा असला की खेळाडूंना एकमेकांशी खेळणं सोपं जातं, असं स्पष्टीकरण कॅपकॉमने दिलं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. पण भरलेल्या डिस्कचे पैसे मोजलेल्या माणसाला ते पटणार नव्हतं आणि पटलंही नाही. अखेर या पद्धतीचा फेरविचार करू, असं कंपनीला म्हणावं लागलं.

त्याच महिन्यात 'मास इफेक्ट ३' आला, पहिल्याच दिवशी १० डॉलरच्या 'फ्रॉम अ‍ॅशेस'सह. यातलं पात्र साधंसुधं नव्हतं. आधीच्या दोन भागांत ज्यांच्या लोप पावलेल्या संस्कृतीभोवती सगळं कथानक फिरतं, त्या प्रोथियनांपैकी जिवंत उरलेला हा एकटा. गेम बनवणाऱ्या बायोवेअरची बाजू अशी होती, की गेम पूर्ण होऊन तपासणी आणि छपाईला गेला की चित्रकार-लेखक मोकळे असतात आणि त्या काळात डीएलसी बनते. हे खरंच तसं चालतं. पण मग त्या पात्राचा काही भाग मूळ डिस्कवर कसा, हे विचारणाऱ्यांचं समाधान झालं नाही. माझ्या मते इथे बायोवेअरची चूक वेळापत्रकाची नव्हती, निवडीची होती. घोड्याचं चिलखत काढून घेतलं तरी गेमचं काही अडत नाही. कथेचा कणाच वेगळा विकायला काढला तर गिऱ्हाइकाला आपल्याला अर्धवट माल दिलाय असंच वाटणार.

आता पायरसीकडे. क्रॅक करणाऱ्यांची सवय अशी की मूळ गेम, सगळे पॅच आणि सगळी डीएलसी एकत्र करून एकच रिपॅक टाकायचा. म्हणजे फुकट्याला सगळं एका दमात मिळतं आणि पैसे देणारा बसतो कुठल्या आवृत्तीत काय आहे याचा तक्ता वाचत. दुसरी गोष्ट कुलपाची. स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानात गेम खात्याला फक्त विचारतो, ही पुरवणी विकत घेतली आहे का? अनेक गेममध्ये पुरवणीच्या फाइली अपडेटबरोबर सगळ्यांच्याच मशीनवर येऊन पडलेल्या असतात, कारण एकाकडे पुरवणी आहे आणि दुसऱ्याकडे नाही तरी दोघांना एकत्र खेळता यायला हवं. अशा वेळी त्या प्रश्नाला 'हो' असं खोटं उत्तर दिलं की काम झालं.

यातूनच एक नवीनच जात निघाली: अर्धा गिऱ्हाईक, अर्धा चोर. मूळ गेम रीतसर विकत घेतलेला, खातं खरं, आणि पुरवण्या मात्र अनलॉकर नावाच्या प्रोग्रामने उघडलेल्या. 'द सिम्स ४' आणि पॅराडॉक्स कंपनीचे 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' यांसारखे डावपेचांचे गेम या जातीचं माहेरघर. 'सिम्स ४'च्या सगळ्या पुरवण्यांची मूळ किंमत मिळून हजार डॉलरच्या वर जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मूळ गेम फुकट झाला, म्हणजे विकायला उरल्या फक्त पुरवण्या. पॅराडॉक्सने २०२१ मध्ये महिन्याला पाच डॉलरच्या आसपास वर्गणीत 'युरोपा'चे सगळे विस्तार खुले करण्याचा मार्ग काढला. वर्षानुवर्षांच्या पुरवण्यांचा डोंगर नव्या माणसाला पळवून लावतो, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

मग डीएलसीमुळे पायरसी वाढली, असं सिद्ध झालंय का? नाही. उलट दिशेला बोट दाखवणारा एक दस्तावेज मात्र आहे. युरोपियन कमिशनने इकोरिस या संस्थेकडून करून घेतलेला, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, पोलंड आणि स्वीडन या सहा देशांतला अभ्यास २०१५ मध्ये तयार झाला, पण बाहेर आला २०१७ मध्ये, तोही युरोपीय संसदेच्या तेव्हाच्या सदस्य यूलिया रेडा यांनी मागितल्यावर. गाजलेल्या नव्या चित्रपटांना पायरसीचा फटका बसतो, असं त्यात दिसलं. गेमबाबत मात्र चोरून खेळण्याने अधिकृत विक्री घटण्याऐवजी थोडी वाढते, असा अंदाज निघाला. कारण काय असावं? पैसे देणाऱ्याला जास्तीचे बोनस, जास्तीच्या लेव्हल देऊन चोराचं गिऱ्हाईक करण्यात हा उद्योग यशस्वी होत असावा, असं अभ्यासकांनी सुचवलं. म्हणजे ज्याला शिव्या पडतात तीच गोष्ट. अर्थात हे सर्वेक्षणावर बेतलेले अंदाज आहेत, त्यावरून शपथ घेऊ नये.

पोलंडचं उदाहरण तर याहून बोलकं. कॉपी सीडींनी बुजबुजलेल्या वॉर्सात १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट सुरू झाली. १९९९ मध्ये तिने 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला तो पाच सीडी, नकाशा आणि नियमपुस्तिकेसह; चोरट्या प्रतीत नसेल तेच खोक्यात भरायचं, हा हिशोब. १६ वर्षांनी 'द विचर ३'च्या वेळी १६ छोट्या डीएलसी फुकट दिल्या आणि पैसे घेतले फक्त दोन मोठ्या विस्तारांचे. गॉग या कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातल्या प्रतीला तर कुलूपही नव्हतं. २०२३ पर्यंत या गेमच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. हीच कंपनी २०११ मध्ये जर्मनीत 'विचर २' उतरवणाऱ्यांना वकिलाच्या नोटिसा धाडत होती आणि ओरड झाल्यावर तिने ते थांबवलं, हेही नोंदवायला हवं.

भारतात या वादाला किमतीची वेगळी किनार आहे. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर आपल्याला डॉलरमध्येच पैसे भरावे लागत. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड नसेल तर विषयच मिटला. रुपयांत किमती आल्या, सेल कळू लागले, आणि कायम क्रॅकवर खेळलेल्या कित्येकांनी आपला पहिला गेम विकत घेतला. पण मूळ गेम सेलमध्ये पाचशेला आणि त्याच्या पुरवण्या मिळून तीन-चार हजारांच्या, असा प्रकार पुढे आला की हीच मंडळी पुन्हा रिपॅककडे वळताना दिसतात. मूळ गेमसाठी कमावलेलं गिऱ्हाईक पुरवणीपाशी निसटतं.

उद्योगाचं उत्तर मात्र ठरलेलं. मोठ्या कंपन्या २०१४ पासून मूळ गेमला डेनुव्होचं संरक्षण लावत आल्या आहेत. त्याच डेनुव्होने २०२३ च्या जानेवारीत 'सिक्युअर डीएलसी' हे नवं उत्पादन जाहीर केलं, खास पुरवण्यांची चोरी रोखण्यासाठी. २००९ मध्ये जी डीएलसी चोरताच येत नाही म्हणून विकली जात होती, तिच्यासाठी आता वेगळं कुलूप विकत घ्यावं लागतंय.