काडी कुठे थांबते: पदार्थ-तरंगांच्या कलेची पार्श्वभूमी

जुलैत बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात रोपलावणीसाठी वाफे पाण्याने भरलेले असतात. वारा पडला की दोन पोरांना वाफ्याच्या बांधावर हातभर अंतराने बसवा, एकाच ठेक्यात पाण्यावर बोटं आपटायला सांगा आणि दोघांच्या बरोबर मध्ये एक काडी सोडा. काडी चांगलीच डुलते. आता एकाने प्रत्येक वेळी अर्धा ठेका उशिरा बोट आपटायचं. काडी जवळजवळ थांबते. पाणी तेच, बोटं तीच. बदलली ती फक्त कला, म्हणजे लाट आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. दहावीपर्यंत मराठीतून शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेणाऱ्या आमच्या मुलांना ती 'फेज' म्हणून भेटते आणि बहुतेकांच्या वहीत सूत्र होऊनच राहते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढचा सगळा इतिहास याच काडीचा आहे.

उजेडात उजेड मिसळून काळोख होऊ शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंगने दाखवलं. 1924 मध्ये लुई द ब्रॉय यांनी आपल्या प्रबंधात कणालाही तरंगलांबी असते, म्हणजे पदार्थाचेही तरंग असतात, असं मांडलं: संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) जितका जास्त, तितकी ती लहान. पुरावा मिळाला तो एका अपघातातून. 1925 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिसन यांच्या प्रयोगशाळेत उपकरणात हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते काढायला निकेल पुन्हा तापवलं, तेव्हा त्यात मोठे स्फटिक तयार झाले. 1927 मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांना निकेलच्या एका स्फटिकावरून 54 व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन 50 अंशांच्या कोनात ठळकपणे उसळताना दिसले. कण असे वागत नाहीत, तरंग वागतात.

इलेक्ट्रॉनांना शेजारशेजारच्या फटींतून सोडून पाहण्याचा खरा प्रयोग मात्र 1961 चा. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये क्लाउस यॉन्सन यांनी तांब्याच्या पातळ पत्र्यातल्या सूक्ष्म फटींतून इलेक्ट्रॉन सोडले. 1989 मध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी फटींऐवजी विद्युतभारित बारीक तार वापरली आणि एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला. पडद्यावर आधी विस्कटलेले ठिपके. हजारो जमल्यावर त्यातूनच दाट-विरळ पट्टे उमटले. म्हणजे व्यतिकरण (लाटांचं एकमेकींत मिसळून वाढणं किंवा विझणं) दोन इलेक्ट्रॉनांचं नव्हे, एकाच इलेक्ट्रॉनच्या दोन वाटांचं.

मग एका वाटेची कला सरकवली तर? पट्टे सरकतात. अहारोनोव आणि बोम यांनी 1959 मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात शिरलाच नाही, नुसता त्याला वळसा घालून गेला, तरी कला बदलते. 1986 मध्ये तोनोमुरांनी क्षेत्र अतिवाहकाच्या (चुंबकीय क्षेत्र आरपार जाऊ न देणाऱ्या पदार्थाच्या) वेष्टनात कोंडून ते दाखवलं.

मला सर्वात भावतो तो 1975 चा प्रयोग. कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी सिलिकॉनच्या स्फटिकात न्यूट्रॉनच्या दोन वाटा केल्या आणि स्फटिक हळूहळू कलता केला. एक वाट दुसरीपेक्षा काही सेंटिमीटरच वर गेली, पण गुरुत्वाकर्षणाने दोन्हींच्या कलेत फरक पडला. जसजसा कल बदलला, तसतशी न्यूट्रॉनांची मोजणी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.