स्लोला झकास, पिळली की मलूल

सेल्फ मारला की स्कूटर लगेच सुरू होते. स्लोला, म्हणजे मूठ न पिळता, ठोका एकसारखा, धूर नाही, खडखड नाही. रस्त्याला लागून ॲक्सिलरेटर पिळला की मात्र आवाज घोगरा होतो, गाडी दोन-तीन झटके मारते आणि ओढ निघून जाते. गंमत म्हणजे मूठ थोडी सैल सोडली की तीच गाडी पुन्हा पळायला लागते. अशा वेळी हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरबद्दल हमखास ऐकू येतं, ‘‘स्लोला तर मस्त चालतेय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही नाही.’’ या एका समजुतीपायी ठिणगी पाडणारे किती चांगले प्लग आणि त्यांना करंट देणाऱ्या कॉइल उगाच बदलले गेले असतील कोण जाणे.

स्लोला चालणं ही इंजिनाची परीक्षाच नव्हे. जरा हिशेब मांडू. ११० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला ३,५०० वेळा ते हवा ओढतं. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही, तरी मिनिटाला तीनेकशे लिटर हवा आत जाते. तिचं वजन भरतं सुमारे ३६० ग्रॅम. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. पण पुरेपूर ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं दाट, साडेबारा-तेरा पटींच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे पेट्रोल लागणार मिनिटाला २८ ग्रॅम, मापात ३५ ते ४० मिलिलिटर. स्लोला हेच इंजिन मिनिटाला तीन-चार मिलिलिटरवर भागवतं. मागणीत दहापट फरक! अर्धी तुंबलेली नळी तीन मिलिलिटर आरामात पुरवते. चाळीस मागितले की हात वर करते.

पेट्रोलच्या मागे लागण्याआधी मात्र एकदा नीट कान लावावा. पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी तेवढी पळत नाही, की आवाजच चढत नाही? आवाज चढत असेल तर इंजिन आपलं काम करतंय, ताकद वाटेत सांडतेय. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दोन पुल्या आणि एक पट्टा असतो. पुढच्या पुलीतले रोलर वेग वाढला की बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ ढकलतात आणि पट्टा वर चढतो. गिअर बदलल्याचं काम आपोआप होतं. रोलर एका बाजूने घासून चपटे झाले की ते अडखळतात. बेल्ट झिजून अरुंद झाला की पुलीत खोल बसतो आणि वरचा वेग गाठतच नाही. क्लचचे शू गुळगुळीत झाले की चढावर नुसता आवाज होतो. यातलं काही असेल तर कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी फरक पडणार नाही.

आवाजच चढत नसेल, तर गोष्ट इंजिनाची.

कार्बोरेटरला एकच तोंड असतं असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या वाटांनी पेट्रोल देतो. हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवांच्या प्रवाहाबद्दल जे मांडलं, त्याच सूत्रावर हे यंत्र चालतं. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. पण स्लोला हवा इतकी मंद असते की मुख्य गळ्यात ओढच तयार होत नाही. म्हणून त्या वेळेसाठी पायलट जेट नावाची वेगळी बारीक वाट, जिचं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढंही असू शकतं. मूठ पाव ते पाऊण फिरते तेव्हा मधली निमुळती सुई किती वर उचलली गेली त्यावर पेट्रोलचा हिशेब ठरतो. पाऊणच्या पुढे सुई जवळपास बाजूला होते आणि सगळा भार मेन जेट या मुख्य भोकावर येतो. मेन जेटमध्ये कचरा आला असेल तर स्लोला चालणाऱ्या इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो, कारण ते त्या वाटेचं पेट्रोल पीतच नाही!

म्हणून मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून घ्याव्यात. ‘गाडी पिकअप घेत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘अर्ध्यापर्यंत ठीक, पाऊणला मरते’ ही तक्रार कितीतरी उपयोगाची. कार्बोरेटर असलेल्या बऱ्याच स्कूटरमध्ये मूठ थेट सुई उचलत नाही. ती फक्त हवेची झडप उघडते, आणि सुई उचलण्याचं काम रबराच्या पातळ पडद्यावर पडणारी हवेची ओढ करते. हा पडदा चिरला की सुई वर येत नाही आणि इंजिन ठरावीक जागी अडून बसतं. वरचं झाकण दोन स्क्रू काढून उघडायचं आणि पडदा उजेडासमोर धरायचा. सुईच्या टोकाएवढं भोकही दिसतं. पाच मिनिटांची ही तपासणी बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात.

मूठ झटक्यात पिळली तरच इंजिन क्षणभर गचकतं आणि सावकाश पिळली तर नाही, हा प्रकार वेगळा. हवेपेक्षा पेट्रोल सहाशे पट घन आहे. वाट उघडल्याबरोबर हवा धाव घेते, जड पेट्रोल मागे राहतं. त्यातच आतला दाब एकदम वाढल्याने पेट्रोलचा काही भाग वाफ न होता नळीच्या भिंतीला चिकटतो. अर्ध्या सेकंदापुरतं मिश्रण पातळ पडतं. थोडंसं गचकणं यंत्राच्या स्वभावातच आहे. जास्त असेल तर स्लोचं मिश्रण आधीच पातळ आहे असं समजावं.

पातळ की दाट, हे ओळखायला गाडीतच एक साधन असतं: मिश्रण दाट करणारा चोक. इंजिन जिथे मरगळतं तिथे मूठ धरून चोक थोडा ओढावा. इंजिनाने उचल घेतली तर त्याला पेट्रोल कमी पडत होतं. आणखी मलूल झालं तर पेट्रोल आधीच जास्त होतं, किंवा हवा कमी. आपोआप चालणारा चोक असेल तर ही सोय नाही; मग एअर फिल्टर पाहावा, प्लग पाहावा. काळी कोरडी काजळी दाट मिश्रणाची, पांढराफटक प्लग पातळ मिश्रणाचा. अर्थात स्लोला दहा मिनिटं उभ्या गाडीचा प्लग काढून त्याचा रंग वाचण्यात अर्थ नाही, तो स्लोचीच हकीकत सांगणार. आणखी एक घोटाळा: मेन स्टँडवर लावून रेस केली की चाक हवेत फिरतं, इंजिनावर भार नसतो आणि दोष लपून बसतो. भार हवाच. बंद खोलीत तर मुळीच रेस करू नये, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

पातळ मिश्रणावर गाडी ‘जाते ना, जाऊ दे’ म्हणून दामटणं महागात पडतं. अशा मिश्रणावर सिलिंडर वाजवीपेक्षा तापतो. टू स्ट्रोकमध्ये तर बहुधा तेलही पेट्रोलबरोबरच येतं. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

पातळ होण्याची कारणं दोन दिशांनी येतात. पेट्रोल कमी किंवा चोरवाटेने हवा जास्त. कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या रबराला तडा गेला की तिथून हवा घुसते. अशा गाडीचा स्लोही बहुधा चढउतार करतो आणि मूठ सोडल्यावर रेस लगेच उतरत नाही. थंड इंजिन स्लोला ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर चोर सापडला. अनेक जण इथे पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम सायलेन्सरच्या शेजारी ज्वलनशील फवारा उडवण्याची हौस मला तरी नाही.

पेट्रोल कमी पडत असेल तर घड्याळ पाहावं. मूठ पाऊणच्या पुढे नेल्याबरोबर गाडी मरते की अर्धा-एक मिनिट छान पळून मग मरते? लहान कार्बोरेटरच्या वाटीत वीस-तीस मिलिलिटर पेट्रोल मावतं. वरून पुरवठा आटला तरी तेवढ्या शिलकीवर गाडी काही वेळ जोरात धावते. मग वाटीतली पातळी उतरते, पेट्रोल जास्त उंच खेचावं लागतं, मिश्रण पातळ होतं आणि ओढ जाते. हळू केलं की वाटी पुन्हा भरते, गाडी पुन्हा शहाणी. म्हणजे लगेच मेली तर दोष जेटपाशी, थोड्या वेळाने मेली तर वाटीच्या मागे: नळी, फिल्टर, कॉक, नाहीतर टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरताना टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह थांबतो. गाडी मेल्याबरोबर झाकण उघडावं. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी ताळ्यावर आली तर बाकी काही उघडायची गरज नाही. इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक असेल तर त्याच्या बारीक नळीची चीरही हेच नाटक करते.

जेट तुंबतात ते बऱ्याचदा गाडी महिनोन् महिने उभी राहिल्यामुळे. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि चिकट, पिवळसर थर मागे राहतो. क्लीनर आणि दाबाची हवा वापरून तो काढावा, तार घालून नव्हे. पितळ मऊ असतं. पाऊण मिलिमीटरचं भोक तारेने घासून अगदी ०.०५ मिलिमीटरने मोठं झालं तरी त्याचं क्षेत्रफळ १४ टक्क्यांनी वाढतं.

आता करंट. प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची, निळी ठिणगी दिसली की ‘करंट ठीक’. हा निवाडा अर्धाच. फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं की ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि दोन टोकांतलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते; सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून पडताना कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. त्यात स्लोला झडप मिटलेली असल्याने आत थोडंच मिश्रण येतं आणि दाब कमी राहतो. पूर्ण पिळल्यावर सिलिंडर भरतो, दाब दोन-तीन पट होतो, आणि कमजोर कॉइल, तडा गेलेली प्लग कॅप किंवा घासून अंतर वाढलेला प्लग नेमका तिथे माघार घेतो. सर्वसाधारण अंतर ०.६ ते ०.८ मिलिमीटर. तपासणीपुरतं ते ०.५ करून पाहावं. झटके थांबले तर पेट्रोलचा नाद सोडून करंटच्या वाटेला लागायला हरकत नाही. आणखी एक ढोबळ फरक असा की करंटचा दोष तुटक असतो, फट्-फट् झटके देतो. पेट्रोलचा दोष दम लागल्यासारखा हळूहळू खाली ओढतो.

सायलेन्सरकडे मात्र कुणी बघत नाही. जळलेला वायू बाहेर गेला नाही तर नवीन आत येणार कुठून? जुन्या टू स्ट्रोकमध्ये तेलाचा कार्बन साचून बाहेरची वाट अर्धी बुजते, आणि बदल इतका सावकाश होतो की मालकाला तो जाणवतही नाही. फोर स्ट्रोकमध्ये टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फट बघावी. फट पुरती मिटली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत जेट आणि सुई नाहीत, पण हिशेब तोच राहतो. पंपाने सुमारे तीन बारचा दाब टिकवला पाहिजे. टाकीतली जाळी तुंबली की स्लोला सगळं आलबेल आणि पिळल्यावर उपासमार. त्यात मीटरवरचा दिवा लागेलच असं नाही, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो.

गरम झाल्यावरच येणाऱ्या दोषाने मला एकदा चांगलंच फिरवलं. दहा मिनिटं गाडी उत्तम, मग ओढ गायब, थोडं थांबलं की पुन्हा उत्तम. गरम झाल्यावर दगा देते म्हणजे कॉइलच, असं ठरवून मी ती बदलली. फरक शून्य. शेवटी गाडी मेल्या मेल्या सीटखालचा कप्पा उचलला तेव्हा दिसलं की आठवडाभरापूर्वी मीच बसवलेली पेट्रोलची नळी गरजेपेक्षा लांब होती. थंड असताना ती ताठ राहायची, इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडली की वळणावर दुमडायची. दोन इंच कापली. ती कॉइल अजून कप्प्यात पडून आहे, अगदी ठणठणीत.