घुमणं थांबवणं वेगळं, आवाज अडवणं वेगळं

कामाच्या खोलीत शांतता हवी म्हणून मी मोठ्या हौसेने भिंतभर करडा फोम चिकटवला. तोच, टोकेरी उंचवट्यांचा. दुसऱ्या दिवशी शेजारचा टीव्ही होता तसाच ऐकू येत होता. फरक पडला तो कॉलवर. पलीकडचे म्हणाले, "आज तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय."

फोमने आपलं काम चोख केलं होतं, मीच त्याच्याकडे भलतं मागत होतो. खोलीतला आवाज कडक भिंतींवर आपटून परत येतो, तेव्हा खोली घुमते. मऊ, सच्छिद्र वस्तू त्या आवाजाची ऊर्जा शोषते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने तिथे नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या, आणि जितक्या गाद्या वाढल्या तितकं घुमणं कमी झालं. जाड पडदा, गालिचा यांनीही हेच साधतं. दिसायलाही फोमपेक्षा बरं.

बाहेरचा आवाज अडवायला मात्र वजन लागतं. फोम हलका, त्यात छिद्रंच छिद्रं. त्यातून आवाज सहज आरपार जातो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी आत येणारा आवाज जेमतेम ५-६ डेसिबलने आणखी कमी होतो, आणि भाड्याच्या घरात भिंत कोण जाड करणार? आपल्या हातात असतात त्या फटी. दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर ते दार कितीही भारी असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी करू शकत नाही. फट शोधायची युक्ती सोपी आहे: खोलीत अंधार करा, बाहेरचा दिवा लावा. जिथून उजेड आत येतो, तिथूनच आवाजही येतो.

माझ्या दाराखाली बोटभर उजेड दिसला! तिथे रबरी पट्टी लावली. टीव्ही अजून कुजबुजतो, पण शब्द कळत नाहीत, आणि लिहिताना आडवे यायचे ते शब्दच. उरलेली कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडून जाते.

फोम काढलेला नाही. कॉलसाठी आहे तो.