प्रकाशन छापून येतं, परीक्षण येत नाही : सांगली-मिरजेतल्या अल्बमच्या बातमीची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडचा एखादा कलाकार पदरचे पैसे घालून गाणी ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते ती प्रकाशन समारंभाची. अमक्यांच्या हस्ते प्रकाशन झाले, तमके प्रमुख पाहुणे होते, सूत्रसंचालन यांनी केले, आभार त्यांनी मानले. गाणी किती, चाली कुणाच्या, ढोलकी कुणी वाजवली, ऐकायला कशी आहेत, यातलं काहीच नसतं. दोष बातमीदाराच्या माथी मारणं सोपं आहे, पण या सवयीची मुळं बरीच मागे जातात.

या भागात संगीतावर लिहिलं जात होतं, पण ते मैफलीवर आणि संगीत नाटकावर. मिरजेच्या दर्ग्यातली संगीतसभा किराणा घराण्याच्या ज्या गायकाच्या स्मृतीसाठी भरते, त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या देशभर वाजल्या. तबकड्यांचा धंदा मात्र मोठ्या शहरातल्या कंपन्यांच्या हातात होता. १९६३ साली सांगलीत आकाशवाणी केंद्र आलं आणि स्थानिक गायकाची ध्वनिमुद्रणाची सोय घराजवळ झाली. ते ध्वनिमुद्रण विकत मिळत नव्हतं, त्यामुळे परीक्षणाचा प्रश्नही नव्हता.

खरी उलथापालथ कॅसेटने केली. १९८० नंतर ग्रामोफोनच्या एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि भजनी मंडळं, शाहीर, गोंधळी, धनगरी ओव्या म्हणणारे स्वतःची गाणी बाजारात आणू लागले. औदुंबर, खरसुंडी, मांढरदेव अशा ठिकाणी यात्रेत नारळ-गुलालाच्या शेजारी कॅसेटचा स्टॉल असे. वेष्टणावर देवाचा फोटो, गायकाचं नाव ठळक, वादकांची नावं आतल्या घडीत बारीक अक्षरात किंवा मुळीच नाहीत. एवढी उलाढाल डोळ्यांसमोर चालू असताना वर्तमानपत्रांनी तिच्यावर फारसं लिहिलं नाही. पुरवण्यांत संगीतावर लिहिणारी मंडळी शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भावगीत यांत रमलेली होती. यात्रेतली कॅसेट त्यांच्या लेखी परीक्षणाचा विषयच नव्हती. हा अन्याय होता, आणि त्याची भरपाई पुढे झाली नाही.

नंतर जिल्हा आवृत्त्या आल्या. सांगलीची बातमी सांगलीच्या पानावर, साताऱ्याची साताऱ्याच्या. वाचकाला गावाजवळची बातमी मिळू लागली, पण विट्याच्या गायकाचं नाव कराडपर्यंतसुद्धा पोचेना. रविवारची पुरवणी बरेचदा पुण्या-मुंबईत तयार व्हायची. म्हणजे समीक्षेची जागा तिकडे आणि समारंभाची इकडे, अशी वाटणी होऊन बसली.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पैशांवरून. २००३ च्या सुमारास देशातल्या एका मोठ्या इंग्रजी वृत्तसमूहाने मनोरंजनाच्या पुरवणीतली मजकुराची जागा उघडपणे विकायला काढली. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमा, अल्बम, हॉटेल हे सगळे विकायचे माल. त्यांची फुकट प्रसिद्धी आम्ही का करावी? पैसे देऊन छापलेल्या बातम्यांवर २०१० मध्ये वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेच्या उपसमितीने अहवाल तयार केला, त्यात या प्रथेचा उल्लेख आहे. तो पूर्ण अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर आला २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर. चर्चा गाजली ती निवडणुकीच्या बातम्यांची. गाण्यांच्या बातम्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

विकायच्या मालाची फुकट प्रसिद्धी नको, हा युक्तिवाद जिल्ह्याच्या पानांपर्यंत झिरपला, आणि इथे तो जास्त बोचतो. पुस्तकावरही किंमत छापलेली असते. तरी आलेल्या पुस्तकांची नोंद देणारं 'साभार पोच' हे सदर होतं, परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात असा रिवाज होता, आणि कवितासंग्रहाच्या लेखकाला कुणी जाहिरात विभागाकडे पाठवत नव्हतं. कॅसेट आणि पुढे सीडी घेऊन आलेल्या माणसाला मात्र जाहिरातीचा दर विचारावा लागला. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन नाममात्र, घर चालतं ते बरंचसं जाहिरातीच्या कमिशनवर. त्याने बातमीसोबत शुभेच्छांच्या जाहिरातीची चौकट मागितली, तर त्याला नावं ठेवून भागणार नाही. ही व्यवस्था वर बसलेल्यांनी उभी केली. जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी 'साभार पोच'मध्ये गाण्यांसाठी चार ओळी ठेवल्या असत्या, तरी आज आपल्याकडे निदान नोंद असती.

२०१६ मध्ये मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि चित्र पुन्हा पालटलं. कॅसेट गेली, सीडी गेली. आता एकच गाणं व्हिडिओसह यूट्यूबवर येतं आणि त्यालाच 'अल्बम साँग' म्हणतात. मजकूर कलाकारच लिहून व्हॉट्सॲपवर धाडतो आणि तो जसाच्या तसा पोर्टलवर झळकतो, 'हृदयस्पर्शी', 'रसिकांच्या पसंतीस उतरलेले' या विशेषणांसकट. गाणं ऐकून कुणी लिहिलं आहे, असं क्वचितच दिसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी वाद्यं बनवणाऱ्यांवर भरभरून लिहिलं, ते योग्यच झालं. या परिसरातल्या ताज्या ध्वनिमुद्रणांच्या वाट्याला तशी दोन कॉलमांची जागा येत नाही.

याची झळ पुढे कागदपत्रांच्या वेळी लागते. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. अर्ज करताना कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे पुरावे द्यावे लागतात, आणि लोक वर्तमानपत्रांची कात्रणं जोडतात. गायकाकडे प्रकाशनाचं कात्रण असतं. त्याच कॅसेटवर ढोलकी, संबळ, पेटी वाजवणाऱ्यांची नावं बातमीत कधी आलेलीच नसतात; तिथे पाहुण्यांची यादी असते.