यलो फीवरचं प्रमाणपत्र: कोणाला लागतं, कसं काढायचं आणि नेमकं कुठे अडतं

लस टोचायला मिनिटभरही लागत नाही. अडतं ते कागदापाशी. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या देशात जाणाऱ्यांनी लस वेळेत घेतलेली असते, पण कार्डावर डॉक्टरांची सही राहून गेलेली असते, तारखेवर खाडाखोड असते, किंवा दहा दिवसांचा हिशेब चुकलेला असतो. असं कार्ड विमानतळावरचा आरोग्य अधिकारी अमान्य ठरवू शकतो, आणि नियम त्याच्या बाजूने आहे. त्यामुळे अर्जाइतकंच लक्ष त्या कार्डाच्या एकेका रकान्याकडे द्यायला हवं.

या कार्डाचं पूर्ण नाव ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ व्हॅक्सिनेशन ऑर प्रोफिलॅक्सिस’. बोलीत सगळे यलो कार्डच म्हणतात. त्याचा नमुना जगभर एकच आहे, कारण तो ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2005’ या कराराच्या परिशिष्ट 6 मध्ये दिलेला आहे. हा करार 15 जून 2007 पासून लागू झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली 190 हून अधिक देश त्याने बांधले गेले आहेत. प्रवेशाची अट म्हणून लसीचा पुरावा मागता येईल असा एकच आजार परिशिष्ट 7 मध्ये नाव घेऊन नमूद केला आहे, आणि तो म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फीवर. पोलिओच्या लसीची नोंदही काही देशांच्या प्रवाशांना याच कार्डावर करून घ्यावी लागते. पण ती 2014 पासून वेळोवेळी निघालेल्या तात्पुरत्या शिफारशींमुळे, आणि तिची मुदत व हिशेब वेगळा आहे.

आशियातले अनेक देशही हे कार्ड कडकपणे मागतात. ते का, हा प्रश्न रास्त आहे, कारण आशियात हा आजार पसरलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आशियात भरपूर आहे आणि बहुतेक लोकांना लस मिळालेली नाही. 2016 मध्ये अंगोलातल्या साथीतून 11 रुग्ण चीनमध्ये पोचले. ते सगळे तिथून परतलेले होते. अशा एका तापाच्या रुग्णाला डास चावला की पुढची साखळी सुरू होऊ शकते. ती विमानतळावरच तोडण्यासाठी हे कार्ड आहे.

कोणाला लागतं

तीन वेगळे प्रसंग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. काही देश येणाऱ्या प्रत्येकाकडे कार्ड मागतात, तुम्ही कुठूनही या. काही देश फक्त पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांकडे मागतात. तिसरा प्रसंग परतीचा: ज्या देशात गेलात त्याने काही विचारलं नाही, पण घरी परतताना तुमचाच देश विचारतो. हा तिसरा प्रसंग सर्वांत जास्त विसरला जातो.

विमान बदलण्यासाठी घेतलेला थांबासुद्धा मोजला जातो. धोक्याच्या देशातल्या विमानतळावर 12 तासांपेक्षा जास्त थांबलात तर अनेक देश तुम्हाला तिथून आलेला प्रवासी धरतात. काही देश किती तास थांबलात हे पाहतच नाहीत. तेव्हा तिकीट काढण्याआधी सगळे टप्पे क्रमाने लिहून काढा आणि प्रत्येक देशाची अट जागतिक आरोग्य संघटनेच्या देशवार यादीत व त्या देशाच्या वकिलातीकडे तपासा. अटी साथीनुसार बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा.

वयाची अटही देशागणिक बदलते. काही देश 9 महिन्यांवरच्या बाळापासून कार्ड मागतात, काही 1 वर्षापासून. लस मात्र नेहमीच्या परिस्थितीत 9 महिन्यांच्या आत दिली जात नाही. 6 महिन्यांखालच्या बाळाला तर ती देतच नाहीत.

दहा दिवसांचा हिशेब

प्रमाणपत्र लस घेतल्याच्या तारखेनंतर 10 दिवसांनी वैध होतं. 5 मार्चला लस घेतली तर कार्ड 15 मार्चपासून चालेल, त्याआधी नाही. लसीतला जिवंत पण कमजोर केलेला विषाणू शरीरात वाढून प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ घेतो. 10 दिवसांत 80 ते 100 टक्के लोकांना संरक्षण मिळतं, 30 दिवसांत 99 टक्क्यांहून जास्त लोकांना. म्हणजे दहावा दिवस हा किमान आहे. महिनाभर हाताशी असेल तर महिनाभर आधीच घ्या.

केंद्र आणि कागदपत्रं

लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. प्रत्येक देशाने या लसीसाठी ठरावीक केंद्रं नेमायची, असं परिशिष्ट 7 सांगतं. लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली असावी लागते आणि कार्डावर त्या नेमलेल्या केंद्राचा अधिकृत शिक्का लागतो. आपल्या देशाच्या आरोग्य खात्याकडची केंद्रांची यादी पाहून तिथेच वेळ घ्या.

सोबत मूळ पासपोर्ट, प्रवासाचा आराखडा (थांब्यांसकट), चालू औषधांची यादी, जुन्या आजारांचे कागद आणि आधीच्या लसींच्या नोंदी न्या. लसींच्या नोंदी कशाला, असं वाटेल. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस एकतर त्याच दिवशी घ्यावी लागते, नाहीतर दोन्हींत 4 आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. हे केंद्रावर गेल्यावर कळलं की अख्खं वेळापत्रक कोलमडतं. प्रत्येक मुलाचा पासपोर्टही हवा, कारण कार्ड माणसागणिक असतं. आईवडिलांच्या कार्डावर मुलाची नोंद चालत नाही.

केंद्र रोज लस का देत नाही, यामागे ठोस कारण आहे. लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते आणि बहुतेकदा एका कुपीत 5 किंवा 10 डोस असतात. द्रावण मिसळलं की कुपी 2 ते 8 अंशांवर ठेवून 6 तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक संख्येने लोकांना बोलावतात. वेळ चुकवलीत तर पुढची तारीख आठवडाभराने मिळू शकते आणि त्यापुढे 10 दिवस धरावे लागतात. अंगात ताप असेल तर त्या दिवशी लस देत नाहीत. तेवढी मोकळीक तारखेत ठेवा.

डोस एकच, 0.5 मिलिलिटर. लसीचा तुटवडा पडल्यावर 2016 च्या साथीत काँगोची राजधानी किन्शासामध्ये पाचवा हिस्सा डोस देऊन लाखो लोकांना वाचवण्याची मोहीम झाली, आणि ती योग्यच होती. पण तेव्हाच स्पष्ट केलं गेलं की त्या छोट्या डोसवर प्रवासाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

कार्ड हातात आलं की केंद्रातच वाचा

खुर्चीवरून उठण्याआधी हे करा. वरच्या भागात तुमचं नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, ओळखपत्राचा क्रमांक आणि तुमची सही. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरागणिक. पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे होणं ही नेहमीची चूक आहे. सही करता न येणाऱ्या मुलासाठी पालक सही करतात. लिहिता न येणाऱ्या प्रौढाचा अंगठा चालतो, पण तो त्याचाच असल्याचं दुसऱ्या कुणीतरी शेजारी नमूद करावं लागतं.

खालच्या तक्त्यात डावीकडून पाहत जा. लसीचं नाव. मग तारीख: दिवस, मग महिना अक्षरांत, मग वर्ष. महिना अक्षरांत असायलाच हवा, कारण 05/03 हे कुणी 5 मार्च वाचेल, कुणी 3 मे. पुढे देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची किंवा अधिकृत आरोग्य कर्मचाऱ्याची सही आणि हुद्दा. ही सही हाताने केलेली असावी. शिक्का सहीच्या जागी चालत नाही, दोन्ही हवेत. मग लस बनवणारी कंपनी आणि बॅच क्रमांक, जो कुपीच्या लेबलाशी ताडून पाहता येतो. शेवटी वैधता कधीपासून कधीपर्यंत, आणि केंद्राचा शिक्का. ‘कधीपर्यंत’च्या जागी आता लस घेणाऱ्याच्या आयुष्यभर असं लिहितात.

सगळा मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये पूर्ण भरलेला हवा. त्यासोबत तिसरी भाषा असली तर हरकत नाही, एकटी तिसरी भाषा चालणार नाही. खाडाखोड, पांढरी शाई किंवा रिकामा रकाना, यांपैकी काहीही कार्ड अमान्य करू शकतं. चूक दिसली तर दुरुस्ती नको, नवीन कार्ड मागा. संकोच करू नका. केंद्रात दोन मिनिटं जातील, परदेशात विलगीकरणात सहा दिवस जाऊ शकतात.

लस घेता येत नसेल तर

अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, अवयव प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कर्करोगाचे उपचार, लक्षणं असलेला एचआयव्ही: यांत ही लस टाळतात. 60 वर्षांवरच्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि लहान बाळाला अंगावर पाजणाऱ्या माता यांच्याबाबत डॉक्टर धोका आणि गरज तोलून ठरवतात. गंभीर दुष्परिणाम फार विरळ आहेत, पण 60 नंतर पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत त्यांचं प्रमाण वाढतं. केवळ कार्डासाठी आजार लपवू नका.

अशा वेळी देखरेख करणारे डॉक्टर कारण इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहून देतात. पत्रावर त्यांची सही आणि केंद्राचा शिक्का घ्या. पोचल्यावर अधिकाऱ्यांनी या पत्राचा विचार करावा असं नियम म्हणतो, पण विचार करणं म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. म्हणून त्या देशाच्या वकिलातीकडून आधी लेखी विचारून घ्या.

जुनं कार्ड, हरवलेलं कार्ड

पूर्वी मुदत 10 वर्षं असायची. 11 जुलै 2016 पासून ती आयुष्यभराची झाली आणि हा बदल त्याआधी दिलेल्या कार्डांनाही लागू आहे. वर मुदत संपलेली तारीख दिसली तरी केवळ तेवढ्यावरून पुन्हा लस घ्यायला सांगता येत नाही. असं कार्ड असेल तर परिशिष्ट 7 च्या त्या दुरुस्तीची छापील प्रत सोबत ठेवा.

पासपोर्ट नवा झाला म्हणून कार्डावरचा क्रमांक खोडू नका. जुन्या पासपोर्टची प्रत जोडून ठेवा. कार्ड हरवलं तर लस घेतलेल्या केंद्राकडेच जा, त्यांच्या नोंदीवरून मूळ तारखेचं कार्ड मिळवता येतं. त्यासाठी आजच कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, बॅच क्रमांक वाचता येईल असा. करारातल्या 2024 च्या दुरुस्त्यांनी डिजिटल दाखल्यालाही जागा दिली आहे, तरी मूळ कागद हातातल्या बॅगेतच असू द्या.

धोक्याच्या भागातून वैध कार्डाशिवाय पोचलात तर तो देश तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतो: कार्ड वैध होईपर्यंत, किंवा संसर्गाच्या शेवटच्या शक्यतेपासून 6 दिवस होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर. 6 हा आकडा आजाराच्या सुप्तावस्थेचा, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, कालावधी म्हणून करारात लिहिलेला आहे. तिथून निघून 4 दिवस झाले असतील तर उरलेले 2 दिवसच मोजले जावेत. तेव्हा निघाल्याची तारीख दाखवणारा बोर्डिंग पास टाकून देऊ नका.